हौसेची गाडी आणि चंद्रीचे बिल

कोल्हापूरच्या माणसाला हौसेचा हिशेब विचारू नये. पोराला तालमीत घालून दूध-बदाम पुरवताना, शर्यतीचा खोंड पोटच्या पोरासारखा वाढवताना तो वही उघडत नाही. आमच्या भागाची ही रीतच आहे आणि मला तिचा अभिमानही आहे. पण वाचकहो, एक गोष्ट ध्यानात घ्या. ही सारी हौस आजवर पुरुषांची, आणि हौसेनंतरची वही मात्र घरातल्या बाईची. आमच्या घरची वही गेली अठरा वर्षे माझ्या हातात आहे. त्या वहीत एक शर्यतीच्या जातीची जुनी मोटार कशी बसवली, ते आज सांगणार आहे. तुमच्या घरात कुणाच्या मनात असला किडा वळवळत असेल, तर चार गोष्टी कामाला येतील.

स्पोर्ट्स कार म्हटले की डोळ्यांपुढे काय येते? बुटकी, दोन दारांची, दोनच माणसे बसतील अशी लाल गाडी. सचिन तेंडुलकरने ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली, तेव्हा २००२ साली त्याला फियाट कंपनीने फेरारी भेट दिली. तिच्या सीमाशुल्कावरून केवढा गहजब झाला, ते थोरामोठ्यांना आठवत असेल. पुढे २०११ साली ती गाडी त्याने सुरतेच्या एका व्यापाऱ्याला विकली. म्हणजे सचिनची गाडीसुद्धा शेवटी सेकंडहँड झालीच! आणि आमच्या कोल्हापुरातली सर्वांत मानाची जुनी गाडी कोणती म्हणाल, तर राजाराम महाराजांच्या वेळची जर्मन बनावटीची मेबॅक. दसऱ्याच्या सोन्याला छत्रपतींच्या घराण्यातली मंडळी तिच्यातून दसरा चौकात येतात, तेव्हा तिला जुनी म्हणायची कुणाची छाती होत नाही. लोक हात जोडतात.

तर जुन्या गाडीला नाक मुरडण्याचे कारण नाही. मात्र ती बुटकी लाल गाडी आपल्या कामाची नाही. गावच्या वेशीवरचा पहिलाच गतिरोधक तिचे पोट खरवडून काढील. आपल्याला हवी ती दिसायला साधी, चार दारांची, डिकीत पेंडीचे पोते मावेल अशी, पण दाबली तर खऱ्या अर्थाने पळणारी गाडी. ह्यांच्या मनात अशी एकच गाडी कॉलेजपासून बसली होती : फियाट पॅलिओ १.६.

ही गाडी २००१ साली आपल्या देशात आली. तेव्हा ती मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायची. त्याच कारखान्यातून पूर्वी प्रीमियर पद्मिनी बाहेर पडत. आपल्यातल्या कैक जणींची वरात ज्या फियाटमधून निघाली, ती हीच पद्मिनी. मुंबईतली तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. पॅलिओ साध्या इंजिनाचीही मिळे, डिझेलचीही मिळे. पण १.६ म्हणजे १,५९६ सीसीचे, सोळा व्हॉल्व्हचे आणि शंभर अश्वशक्तीचे इंजिन. त्या काळी घरोघरी असलेल्या मारुती ८०० चे इंजिन ७९६ सीसीचे होते, यावरून अंदाज करा. एवढे इंजिन एवढ्याशा गाडीत घातल्यावर ती पळणारच. आणि पेट्रोलही पिणारच. पेट्रोल पिते म्हणूनच लोकांनी ती फारशी घेतली नाही, आणि म्हणूनच आज ती आपल्यासारख्यांच्या आवाक्यात आहे.

इथे मामंजींचा एक प्रश्न सांगते, कारण तो तुमच्याही मनात येईल. आमचा ट्रॅक्टर पस्तीस हॉर्सपॉवरचा. तो दहा टन उसाची ट्रॉली ओढतो. ते म्हणाले, "आन् हिच्यात शंभर घोडी हाईत म्हंतुस, मग ही तीन ट्रॉल्या वढंल का?" सगळे हसले, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. ट्रॅक्टरचे इंजिन मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेऱ्या मारते. पण प्रत्येक फेरीत जोर मोठा, आणि गिअर असे की चाक हळू फिरावे अन् ओढ वाढावी. या गाडीची पुरी ताकद पाच हजार फेऱ्यांच्या पुढे गेल्यावर लागते. जोर थोडा, पण घाई फार. नांगराचा बैल आणि शर्यतीचा बैल यांत जो फरक, तोच. मामंजींना हे एका वाक्यात पटले, कारण त्यांनी दोन्ही जातीचे बैल बाळगले आहेत. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, तेव्हा त्यांनी शेवटचा खोंड विकला. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना पुन्हा वाट मिळाली आणि मे २०२३ मध्ये निकाल पक्का झाला. पण तोवर त्यांचे गुडघे गेले होते. आता चांगल्या खोंडाला कैक लाखांची बोली लागते. त्या मानाने आमची मोटार स्वस्तच म्हणायची.

किंमत सांगते. एक लाख दहा हजार. म्हणजे एका एकरातला ऊस चांगला उतरला, तर त्याच्या बिलात बसेल एवढी रक्कम, खत-लागणीचा खर्च न धरता. पण उसाच्या बिलाला हात लावायचा नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितले. उसाच्या बिलावर सोसायटीचे कर्ज, पाणीपट्टी आणि पुढची लागण यांचा हक्क आधी. ठिबकची एक बाजू राहिली होती, ती पुरी होईतो मी गाडीचा विषय काढू दिला नाही. घरात यावरून आठवडाभर अबोला होता. धाकटे भाऊजी तर म्हणाले, "वहिनी, गडी माणसानं आयुष्यात एक हौस करायची न्हाई का?" मी म्हटले, "करायची की. पन बाईमाणसाच्या पैशानं करायची आसंल तर बाईमाणसाला इचारून."

कारण पैसा माझ्या म्हशींचा होता. आमच्याकडे दर दहा दिवसांनी दूधबिल येते आणि दूध संस्थेतले खाते माझ्या नावावर आहे. चार वर्षे त्यातले थोडे थोडे मी बाजूला टाकत होते. कशासाठी, ते मलाही ठरवून माहीत नव्हते. शेवटी असे ठरले, की गाडी माझ्या पैशाची, तेव्हा कागदही माझ्या नावाचा; आणि चालवायला मीही शिकणार. ह्यांनी दोन दिवस विचार केला आणि हो म्हटले. ते हो म्हणाले नसते, तर त्या पैशाची पाचवी म्हैस आली असती.

आता खरेदीची गोष्ट. ही जरा बैजवार सांगते, कारण जुने वाहन घेताना शेतकरी माणूस फसतो तो इथेच.

पहिली गाडी पाहिली ती अगदी झगझगीत होती. नवा रंग, नवी सीटकव्हरे, आत उदबत्तीचा वास. किंमतही कमी. आमच्या मेस्त्रींनी बॉनेट उघडलेच नाही. ते मागच्या सीटवर जाऊन बसले आणि सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून काढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची तपकिरी रेघ होती. मग डिकीतले जादा चाक उचलले. त्याखालच्या खळग्यात बोटाला चिकणमाती लागली. मेस्त्री काही बोलले नाहीत, नुसते आमच्याकडे बघितले. ऑगस्ट २०१९ चा आणि जुलै २०२१ चा महापूर आपण सर्वांनी पाहिला आहे. त्या पाण्यात कितीतरी गाड्या छपरापर्यंत उभ्या होत्या. त्यांतल्या काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या. पुराच्या गाडीची वायर आतून हिरवी पडत जाते आणि वर्षा-दोन वर्षांनी कुठल्याही रात्री ती दगा देते. रंग नवा करता येतो, उदबत्ती लावता येते. सीटबेल्टचे शेवटचे टोक मात्र कुणी धूत नाही.

दुसरी गाडी गडहिंग्लजला एका निवृत्त गृहस्थांकडे मिळाली. २००३ सालची, रंग फिकट झालेला, डाव्या दाराला पोचा. मालकाने सर्व्हिसची प्रत्येक पावती फायलीत लावून ठेवली होती. मी ती फाइल चाळली आणि मनात म्हटले, हीच. ज्या घरात पावती जपली जाते, त्या घरातली म्हैस डोळे झाकून घ्यावी, तसेच मोटारीचे.

तरी मेस्त्रींनी सगळे पाहिले. जायच्या आदल्या दिवशी फोन करून सांगितले होते, की आम्ही येण्याआधी गाडी सुरू करू नका. गार इंजिन पहिल्या झटक्याला कसे लागते, यातच निम्मी परीक्षा असते; तापवून ठेवलेल्या गाडीचे खोकणे लपते. ऑइलचे झाकण काढून आतली बाजू पाहिली. तिथे ताकासारखे पांढरे काही दिसले, तर ऑइलात पाणी शिरले आहे असे समजावे आणि घरची वाट धरावी. टायरच्या कडेला चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२१५ असेल तर तो टायर २०१५ च्या बत्तिसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही खोल दिसो, रबर म्हातारे झालेले असते. ट्रॅक्टरचे टायर घेतानाही हे आकडे वाचत जा.

या गाडीत सर्वांत नाजूक जागा म्हणजे टायमिंगचा पट्टा. इंजिनाच्या खालच्या दांड्याला आणि वरच्या व्हॉल्व्हना एका तालात फिरवणारा तो रबरी दातेरी पट्टा असतो. तो चालत्या गाडीत तुटला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनाचे काम गाडीच्या निम्म्या किमतीवर जाते. म्हणून पट्टा कधी बदलला याची पावती नसेल, तर तो बदललेलाच नाही असे धरायचे. फायलीत पावती होती, पण सहा वर्षांपूर्वीची. किलोमीटर थोडे झाले असले तरी रबराला वयही असते. आम्ही त्याचे पैसे किमतीतून कमी करून घेतले आणि दुसऱ्याच आठवड्यात पट्टा, त्याची पुली आणि पाण्याचा पंप असे तिन्ही एकदम बदलले.

कागदाचे थोडक्यात सांगते. विक्रीचे फॉर्म २९ आणि ३० दोघांच्या सह्यांनिशी भरून घ्या आणि पैसे पुरते देण्याआधी नाव बदलण्याचा अर्ज आरटीओत जाऊ द्या. गाडीवर कधी कर्ज असेल, तर ते फिटल्याची बँकेची चिठ्ठी आणि फॉर्म ३५ हवा. पंधरा वर्षांपुढच्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी तपासणी करून नवी करावी लागते. आमची २०२३ साली केली. त्याला पाच हजार रुपये लागले, शिवाय पर्यावरण कर निराळा. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांची ही फी आणखी वाढवली आहे. तेव्हा स्वस्त गाडी घेताना हा खर्च आधीच किमतीत मिळवून बघावा. नाही तर गाडी स्वस्त आणि तिचे कागद महाग असे होते.

गडहिंग्लजहून घरी येताना आम्ही संकेश्वरवरून हायवेला लागलो. निपाणीच्या अलीकडे तवंदीचा घाट लागतो. आमच्या जुन्या जीपला तिथे नेहमी दम लागायचा; गिअर खाली टाकून, मागच्या ट्रकवाल्याचे हॉर्न ऐकत चढायचे. ह्या गाडीने घाट चढून कधी उतरायला लागला ते कळलेच नाही. ह्यांनी तिसऱ्या गिअरमध्ये पाय जरा दाबला, काटा चार हजारांच्या पुढे गेला, आणि तोवर गुपचूप बसलेल्या इंजिनाने असा काही स्वर लावला, की माझ्या अंगावर काटा आला. पाठीला सीटने हळूच ढकलावे तसे वाटले. मी ह्यांच्याकडे पाहिले. लग्नानंतर इतक्या वर्षांत ह्यांचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. कर्जमाफी झाली तेव्हाही नाही.

पण खरी मजा वेगाची नसते, हे मला स्वतः चालवायला लागल्यावर कळले. मी आधी भाऊजींच्या गाडीवर शिकले होते. ती नवी, तिचे स्टिअरिंग लोण्यासारखे. पण चाकाखाली काय आहे ते हाताला काहीच सांगत नाही. ही जुनी जड आहे, दार लावले की तिजोरीसारखे थप्प वाजते, आणि रस्त्यावरचा खडा न् खडा हातात येतो. वाघबिळाच्या पुढे पन्हाळ्याची वळणे लागली, की वळणाआधी वेग उतरवायचा, गिअर खाली घ्यायचा, आणि वळण सुटता सुटता पायाने हळूच सोडायची. हे एकदा जमले की ताशी चाळीस-पन्नासमध्येही जो आनंद होतो, तो सरळ रस्त्यावर शंभरने जाऊन होत नाही. जात्यावर हात बसलेल्या बाईला मी काय म्हणते ते लगेच कळेल.

वेगाची ज्यांना खुमखुमी आहे, त्यांनी ती रस्त्यावर काढू नये. आमच्या गाडीला एअरबॅग नाहीत. हंगामात रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागे दिवा नसताना पुढ्यात उभा असतो, आणि ती ट्रॉली कुणा परक्याची नसते, आपलीच असते. कोल्हापूरजवळ मोहिते यांचा कार्टिंगचा ट्रॅक आहे; राष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्या तिथे झाल्या आहेत. पोरांना पळायचेच असेल, तर तिथे नेऊन बसवावे. आमची लेक एकदा जाऊन आली. आल्यावर मला म्हणाली, "आई, तू वळणावर ब्रेक लई लवकर लावतीस." मी तिला दुसऱ्या दिवशी शेण काढायला लावले.

आता खर्च. दर महिन्याला साधारण चारशे किलोमीटर फिरते, लिटरला दहाच्या आसपास जाते. पेट्रोल शंभरीच्या पुढे, म्हणजे महिना चार हजारांवर. माझ्या चार म्हशींपैकी चंद्री नावाची मुऱ्हा आहे; तिच्या दहा दिवसांच्या बिलात जवळजवळ एवढीच रक्कम येते. तेव्हा महिन्यातले तिचे एक बिल गाडीच्या नावाने लावले आहे. बिल संपले की गाडी उभी. चंद्री आटली, तेव्हा तीन महिने आम्ही एसटीने फिरलो. भाऊजी आता गोठ्यात आले की चंद्रीला हात जोडतात.

पेट्रोलची आणखी एक गंमत आहे, आणि ती आपल्या उसाशी बांधलेली आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. ते इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांतही होते, त्याचा पैसा उसाच्या दराला टेकू देतो. त्याविरुद्ध मी कशी बोलू? पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे गाडी थोडी कमी जाते. शिवाय ते पाणी शोषून घेते आणि जुन्या धर्तीच्या रबराला फुगवते, चिरा पाडते. २००३ सालच्या गाडीच्या नळ्या या पेट्रोलासाठी केलेल्याच नव्हत्या. आम्ही पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदलून नव्या जातीच्या घातल्या, आणि गाडी महिना-महिना टाकी अर्धी ठेवून उभी करत नाही. ज्यांच्याकडे जुनी मोटारसायकल आहे, त्यांनीही तिची नळी एकदा वाकवून बघावी.

सुट्या भागांची धास्ती सगळे घालतात. या गाड्या बनायच्या केव्हाच थांबल्या हे खरे. पण सिएना, पेट्रा, अ‍ॅडव्हेंचर या सगळ्या तिच्या सख्ख्या बहिणी; एकीचे बरेच भाग दुसरीला लागतात. मेस्त्रींना ही सोयरीक पाठ आहे. आणि जे मिळत नाही त्यासाठी आपले उद्यमनगर आहे. पुढच्या चाकाच्या सांध्यातले बुश खडखडत होते. मेस्त्रींनी जुना नमुना नेऊन दाखवला, लेथवाल्याने तो बोटात फिरवून पाहिला, माप घेतले आणि चहा संपायच्या आत सांगितले, "उद्या सकाळी न्या." ज्या गावात ओतकामापासून लेथपर्यंत सगळे हाताशी आहे, तिथल्या माणसाने जुन्या यंत्राला भ्यायचे कारण नाही. जिथे हे नाही, तिथल्या वाचकांना मात्र मी ही गाडी घ्या म्हणणार नाही. त्यांनी आधी मेस्त्री शोधावा, मग गाडी.

गावात बोलणे झालेच. "दुधाच्या पैशावर मोटारी उडवत्यात," असे पाणवठ्यावर माझ्या कानांवर आले. मी मनावर घेतले नाही. ज्या घरातून ते बोलणे आले, तिथल्या धन्याने गेल्या वर्षी बैलाला साडेतीन लाख घातले, आणि त्या घरातल्या बाईला तिच्या खात्यात किती पैसे आहेत ते अजून ठाऊक नाही. तीच बाई परवा संध्याकाळी गोठ्याशी आली. इकडचे तिकडचे बोलली आणि जाता जाता म्हणाली, "वैनी, मला एकदा बसवून आनता काय पन्हाळ्यापतूर? ह्यास्नी सांगू नगा." शुक्रवारी सकाळी धार काढून झाली की जायचे ठरले आहे. ह्यांना सांगितले आहे, शुक्रवारी गाडी मला लागणार. त्यांनी सोसायटीला मोटारसायकलवर जावे.